शुक्रवारची सुट्टी

होतचंदनं गोणी उचलून फरशीवर उलटी करायला घेतली, तेवढ्यात जयदेव म्हात्रे खाली वाकला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ गोणीच्या तोंडाखाली धरली. पहिला ठोकळा ओंजळीत पडला. दुसरा त्याच्यावर आदळला तेव्हा जयदेवच्या अंगठ्याचं नख चेचलं, पण ओंजळ हलली नाही.

"अरे साईं, लोहा है," होतचंद म्हणाला, "बच्चा थोडी गिर रहा है."

"बच्चाच समजा शेठ. हळू सोडा."

चारही ठोकळे बाहेर आले. उल्हासनगरात, कॅम्प तीनच्या मागच्या गल्लीत होतचंदचं भंगाराचं दुकान होतं. वर पत्रा, खाली तेलानं काळी पडलेली फरशी, आणि तिन्ही भिंतींना कुणाकुणाच्या बंद पडलेल्या कारखान्यांची हाडं टेकवून ठेवलेली. जयदेव तिथं पहिल्यांदाच आला होता. ठोकळे पाहिल्यावर त्याला इतका आनंद झाला की तो लपवायचं भान त्याला राहिलं नाही. वर्षभर तो ह्याच वस्तूच्या मागं फिरत होता.

साधं बेअरिंग गोल फिरतं. हे फिरत नाही, सरकतं. मुठीएवढा पोलादी ठोकळा, त्याच्या पोटाला खाच, आणि खाचेच्या दोन्ही अंगांना बारीक गोळ्यांच्या रांगा. ठोकळा त्याच्या पोलादी पट्टीवर चढवला की गोळ्या आतल्या आत फिरत राहतात, आणि मणभर वजन एका बोटानं ढकललं तरी लोण्यावरून गेल्यासारखं जातं. लिनियर बेअरिंग. पण ठोकळा पट्टीवरून उतरवला की गोळ्यांना धरून ठेवायला काही उरत नाही. त्या सांडतात. म्हणून जाणकार माणूस ठोकळा नुसता ओढत नाही. पट्टीच्याच आकाराचा एक दट्ट्या पट्टीच्या टोकाला भिडवतो आणि ठोकळा त्याच्यावर सरकवून घेतो.

ह्या चारही ठोकळ्यांच्या पोटात दट्टे होते. लाकडी.

"वो लकडी मैं निकालने गया था," होतचंद म्हणाला. "एक छर्रा बाहेर आला. मग मी बोललो, राहू दे."

जयदेवनं एक ठोकळा उजेडाकडं धरला. दट्ट्या शिवणीच्या लाकडाचा होता. तेल पिऊन तपकिरी झालेला. त्याच्या डोक्यावर तापल्या खिळ्यानं डागलेले तीन ठिपके होते, एका ओळीत नाहीत, चुलीच्या दगडांसारखे. त्यानं ठोकळा उलटा केला. कुशीवर पंचनं मारलेले तीन ठिपके होते. तसेच.

दुसऱ्यावर एक होता. तिसऱ्यावर चार. चौथ्यावर दोन.

जयदेवनं चारही ठोकळे फरशीवर एकापुढं एक मांडले, एक, दोन, तीन, चार, आणि तो उकिडवा बसून राहिला. शेजारच्या दुकानात लोखंड कापायचं चाक ओरडत होतं. ते एकदम दूर गेल्यासारखं झालं. ठिपके त्यानंच मारले होते. शिवणीचं लाकूड त्याच्या मांजर्लीच्या घराच्या पडवीतलं होतं.

"हा माल कुठला, शेठ?"

होतचंदनं अंबरनाथचं नाव घेतलं. मग औद्योगिक वसाहतीतला रस्ता सांगितला, मग गेटसमोरचा पिंपळ सांगितला. उन्हाळ्यात अख्खी शेड रिकामी केली कुणी तरी, तो म्हणाला, मोठी मशिनं गुजरातकडं गेली, त्याच्याकडं आली ती चिल्लर. आता आत कबुतरं आहेत म्हणतात.

जयदेव हसला. खरंच हसला. म्हणाला, शेठ, कुणी तरी तुम्हाला बनवलं. त्या गेटला साडेतीन वर्षं कुलूप आहे, आम्हीच तिथं बसतो, मांडव टाकून. आमच्या समोरून सुई गेली नाही.

"रोज बैठते हो?"

"रोज. आठ ते पाच. शुक्रवार सोडून."

होतचंद वजनकाट्याकडं वळला होता, तो तिथंच थांबला. त्यानं मागं पाहिलं. नंतर खुर्चीवरचा पंचा उचलून कारण नसताना हात पुसले.

"साईं," तो हळू म्हणाला, "माल शुक्रवारलाच यायचा."

त्यानं भाव केला नाही. वजनाच्या भावानं ठोकळे दिले आणि माठातलं पाणी दिलं. जयदेवनं पाणी हातात घेतलं, पण प्यायचं राहून गेलं. पट्ट्या आहेत का, एवढंच त्यानं विचारलं. पट्ट्या आल्या नाहीत, होतचंद म्हणाला. पट्टीवाचून ह्या ठोकळ्यांचा काही उपयोग नाही हे जयदेवला ठाऊक होतं, तरी त्यानं ते पिशवीत घातले आणि तो निघाला.

ह्या भागातल्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. विजेची ओढाताण वाचवायला सरकारनं पूर्वी कधी तरी वार वाटून दिले, तेव्हा अंबरनाथच्या वाट्याला शुक्रवार आला. जयदेव चौऱ्याहत्तर साली हेल्पर म्हणून लागला, तेव्हापासून त्याच्या घरात शुक्रवारी उशिरा उठायचं, शुक्रवारी शेतावर जायचं, लग्नाची बोलणीही शुक्रवारीच. पंच्याण्णवच्या जानेवारीत गेटवर कागद चिकटला, "पुढील सूचना मिळेपर्यंत," आणि कामगारांनी समोर ताडपत्री ताणून बसायला सुरुवात केली, तेव्हाही कुणी न सांगता सगळे शुक्रवारी घरी राहिले. कंपनी बंद असली तरी ती सुटलेली नव्हती, आणि सुट्टीचा दिवस पाळणारा माणूस कामावर असतो, असं त्यांना आतून वाटत असावं. एकाच्याही मनात आलं नाही की राखणीला सुट्टी नसते.

जयदेवला तेव्हा, म्हणजे लागला तेव्हा, अक्षरं येत नव्हती. मांजर्लीला बापाबरोबर भात लावणं आणि शेत राखणं ह्यात शाळा राहून गेली. मशीन उघडताना इतर फिटर सुट्या भागांवर खडूनं अक्षरं घालायचे, हा पंचनं ठिपके मारायचा. पुढं चाळिशीत तो रात्रीच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकला, पण ठिपके सुटले नाहीत. शहाऐंशी साली कंपनीत जपानी मशीन आलं. सर्किटच्या पाट्यांना छिद्रं पाडायचं, आपल्या आपण चालणारं. पांढऱ्या कागदात गुंडाळून आलं म्हणून कोंडाजी वाघेनं त्याचं नाव नवरी ठेवलं, आणि ते राहिलं. कोंडाजी सगळ्यांत जुना ऑपरेटर. तिच्या विजेच्या अंगाचं काम श्रीपाद आगाशे ह्या साहेबाकडं होतं आणि लोखंडाच्या अंगाचं जयदेवकडं.

सत्त्याऐंशीत पहिल्यांदा नवरी उघडली. जयदेवला दट्ट्याची गोष्ट माहीत नव्हती. त्यानं ठोकळा पट्टीवरून ओढला, आणि मोहरी सांडावी तशा गोळ्या फरशीभर पळाल्या. अख्खी शेड गुडघ्यांवर रांगत होती. दोन गोळ्या सापडल्या नाहीत ते नाहीतच, आणि जपानहून नवा ठोकळा येईपर्यंत नवरी अकरा दिवस बसून राहिली. चौकशी लागली. श्रीपाद आगाशेनं कागदावर लिहिलं की ठोकळा माझ्या हातून निघाला. जयदेवचं नाव त्यात नव्हतं. साहेबाची त्या वर्षीची बढती गेली. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि जयदेवनं शिवणीचे चार दट्टे तासून, डागून, नवरीच्या शेजारच्या खणात ठेवले. खणाच्या किल्ल्या दोन. एक जयदेवच्या कमरेच्या करगोट्याला. दुसरी साहेबाकडं.

हे सगळं विठ्ठलवाडीच्या पुलावर चालता चालता त्याच्या डोक्यात आलं, आणि दुसऱ्या किल्लीपाशी येऊन तो उभाच राहिला. मागून येणारी सायकल त्याला घासून गेली. सायकलवाला काही बोलला, ते त्याला कळलं नाही.

ज्यानं नवरी उघडली त्याला खण माहीत होता. दट्टे कशासाठी असतात ते माहीत होतं. आणि एक ठिपक्याच्या ठोकळ्यात एक ठिपक्याचाच दट्ट्या घालायचा, हेही.

गेल्या वर्षी ह्याच साहेबानं त्याला घरी बोलावून कागदावर एक मशीन काढून दाखवलं होतं. लाकडावर नक्षी कोरायचं, संगणकानं चालणारं. देव्हाऱ्यांचे दरवाजे, पलंगांच्या पाठी. उल्हासनगरचे फर्निचरवाले रांगा लावतील, साहेब म्हणाला होता. तोही घरी बसून होता, शेजाऱ्यांचे टीव्ही दुरुस्त करत. त्यानं जुन्या प्रिंटरांच्या मोटारी जमवल्या, जुना संगणक आणला. जयदेवनं चौकट जोडली. चौकट आता मांजर्लीच्या पडवीत उभी होती, आणि अडलं होतं फक्त सरकत्या बेअरिंगवर. मुंबईला नागदेवीच्या बाजारात भाव विचारला, तो ऐकून जयदेवचा चेहरा असा पडला की दुकानदारानंच त्याला बसायला स्टूल दिलं. मग त्यांनी साधी बेअरिंगं लोखंडी अँगलवर धावतील अशी बसवून पाहिली, तर कमळाची पाकळी उंदरानं कुरतडल्यासारखी निघाली. जयदेव दोनतीनदा म्हणाला होता, उल्हासनगरला भंगारात बघतो. प्रत्येक वेळी साहेब म्हणाला, तिकडं जाऊ नका, सगळं डुप्लिकेट असतं, मी बघतो कुठून तरी. आज सोमवार. साहेबाला न सांगता, चार ठोकळे त्याच्या टेबलावर ठेवून त्याला चकित करायचं, म्हणून जयदेव गेला होता.

तो घरी गेला नाही. गेटवर गेला.

मांडवात चौघं जण पत्ते खेळत होते. कोंडाजी झाडू घेऊन गेटसमोरची जमीन साफ करत होता, कारण परवा खंडेनवमी. दर वर्षी खंडेनवमीला मशिनांची पूजा असायची. टाळेबंदीपासून ती गेटवर होत होती. मशिनं आत आहेत, कुलूप मधे आहे, म्हणून कुलपाला हार. हे चौथं वर्ष.

जयदेव गेटला टेकून उभा राहिला. कुलूप गंजलेलं होतं. पण कडी ज्या कोयंड्यात अडकते तिथं गंज नव्हता. लोखंड घासून चकचकीत झालेलं होतं. हे त्यानं पावसाळ्याआधी पाहिलं होतं, आता आठवलं. तेव्हा त्याला वाटलं होतं, वॉचमन तेल घालतो वाटतं, कंपनी सुरू करायचा विचार दिसतोय. आणि तो खूश होऊन घरी गेला होता.

शेडच्या छपराच्या फटीतून दोन कबुतरं बाहेर आली आणि परत आत गेली.

"पारवं लई वाढली यंदा," कोंडाजी म्हणाला. "चांगली खूण हाय जयदेवा. जिथं धनी येनार आसतो तिथं पारवं घर करतात." त्यानं पिशवीकडं पाहून विचारलं, बाजार करून आलास काय. जयदेवनं मान हलवली. सांगायला तोंड उघडलं, आणि कोंडाजीनं इतक्या काळजीनं झाडलेल्या त्या जमिनीकडं पाहून मिटलं. पिशवीचे बंद त्याच्या बोटात रुतले होते.

श्रीपाद आगाशेचं घर अंबरनाथ पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर. दार त्याची बायको कुमुदिनी हिनं उघडलं. घट बसलेले होते, कोपऱ्यात धान वीतभर उगवलं होतं. तिनं जयदेवभाऊंना बसवलं, उपासाचं काही आणते म्हणाली, आणि तुमच्या यंत्राचं कुठवर आलं, हे रात्रीसुद्धा तेच बडबडतात, असं हसत सांगून आत गेली. श्रीपाद बनियनवर बसून कुठल्या तरी रेडिओला सोल्डरिंगचा डाग देत होता. त्यानं चष्मा वर करून पाहिलं.

जयदेवनं वाटेत चारही दट्ट्यांना सुतळी बांधली होती, ठोकळ्यासकट, म्हणजे ते निसटू नयेत. आता त्यानं एकच ठोकळा काढला आणि टेबलावरच्या वर्तमानपत्रावर ठेवला. तीन ठिपक्यांचा.

श्रीपादनं ठोकळ्याला हात लावला नाही. डाग द्यायची इस्त्री हातात धरूनच तो पाहत राहिला. तिचं टोक रेडिओच्या कडेला टेकलं, प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला, तेव्हा जयदेवनंच उठून भिंतीवरचं बटण बंद केलं.

"उल्हासनगरला गेलात," श्रीपाद म्हणाला.

"गेलो."

कुमुदिनी दोन बशांत खिचडी ठेवून गेली. दोघंही ती होती तोवर खिचडीकडं पाहत बसले. ती गॅलरीत कपडे काढायला गेल्यावर श्रीपाद बोलू लागला. आवाज खालचा, आणि सगळं मुद्देसूद, जणू अहवाल देत होता. मालकाचा माणूस फाल्गुनात आला होता. मशिनं विकून झाली होती, कागद झाले होते. सोडवायला माहीतगार माणूस हवा होता. नाही म्हटलं असतं तरी गेलंच असतं. पाच शुक्रवार.

"घण घेऊन आले होते ते," तो म्हणाला. "नवरीला घण घालणार होते. म्हणून मी उघडली. तुमचे दट्टे घातल्याशिवाय एकाही ठोकळ्याला हात लावू दिला नाही."

जयदेवला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. आला नाही. छातीत एक मोठी रिकामी जागा झाल्यासारखं वाटत होतं, शेडसारखी, आणि तिच्यात साहेबाचे शब्द घुमत होते. ह्या माणसानं आपले दट्टे जपले. आणि त्याच्या पुढच्याच सोमवारी आपल्या पडवीत बसून आपल्या घरचा चहा प्यायला, आणि कंपनी कधी उघडेल असं वाटतं म्हणून आपण विचारलं तेव्हा म्हणाला होता, बघू.

"सांगायचं होतंत."

"दर वेळी ठरवून निघत होतो. तुमच्या घराच्या पायऱ्या चढेपर्यंत."

मग श्रीपाद म्हणाला की पट्ट्या त्यानं दिल्या नाहीत. त्या वर माळ्यावर आहेत, कुमुदिनीच्या जुन्या साडीत. ठोकळेही ठेवणार होता, आपल्या मशीनसाठी, पण ते त्याच दिवशी गोणीत भरून गेले. ठोकळे शोधत होता तेव्हापासून. सापडले की दोन्ही आणून देणार होता, नागदेवीला मिळाले असं सांगून.

खिचडी गार झाली. मग जयदेव उठला, ठोकळा पिशवीत घातला.

"सत्त्याऐंशी साली गोळ्या माझ्या हातून सांडल्या, साहेब. तुम्ही माझं नाव लिहिलं नाहीत. म्हणून मी तुमचं नाव घेणार नाही." दाराशी जाऊन त्यानं चपला घातल्या. "पण परवा पूजा आहे. कोंडाजीनं जमीन झाडून ठेवलीय. त्याला कुणी तरी सांगायला पाहिजे."

मांजर्लीला तो पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. बायको वेणूबाई हिनं त्याच्या तोंडाकडं पाहून आधी पाण्याचा तांब्या दिला आणि मग विचारलं. त्यानं तिला सगळं सांगितलं, साहेबाचं नाव सोडून. नाव तिनं विचारलं नाही. पडवीत चादर घातलेल्या चौकटीकडं ती एकदा पाहून आली. रात्री जेवायला बसल्यावर तो भात नुसता चिवडत होता, तेव्हा ती म्हणाली,

"देव देवलात नाय, आनि तुमी दाराला फुला वाहताव. ज्या हाय ता तरी नेऊन ठेवा पुढ्यात."

मंगळवार त्यानं कसा काढला ते त्याचं त्याला आठवत नाही. शेतावर गेला होता, एवढं वेणूबाई सांगते.

खंडेनवमीला सकाळी नऊपर्यंत गेटसमोर चाळीसेक माणसं जमली. एकशे साठ होती पूर्वी. कुणी रिक्षा चालवत होता, कुणी कल्याणच्या बाजारात हमाली करत होता, पण आज सगळे धुतलेले कपडे घालून आले होते, आणि काहींनी खाकी गणवेशच घातला होता. दर वर्षीप्रमाणं प्रत्येकानं आपापलं हत्यार आणलं होतं. पान्हे, हातोड्या, एकाचं मापाचं यंत्र त्याच्या पेटीसकट. पाटावर ती मांडली होती. झेंडूचा लांब हार कोंडाजीच्या हातात होता, कुलपासाठी.

जयदेवनं पिशवी उघडली आणि पाटाच्या मधोमध जागा करून चार ठोकळे ठेवले. एक, दोन, तीन, चार.

लोक पुढं झाले. नवीन काय आणलंस, कुणी तरी विचारलं. कोंडाजीची नजर आता पूर्वीची नव्हती. त्यानं खाली बसून एका ठोकळ्याच्या कुशीवरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला, मग परत फिरवला.

"हा आपल्या नवरीचा," तो म्हणाला.

"हो."

"मंग भायेर कसा?"

चाळीस माणसं जयदेवकडं पाहत होती, आणि तो रस्त्याकडं पाहत होता. साहेब येणार नाही, असं त्यानं रात्रीच धरून ठेवलं होतं. आपणच सांगावं लागणार, आणि नाव न घेता कसं सांगायचं, ह्याची वाक्यं तो दोन रात्री जुळवत होता. त्यातलं एकही आता तोंडात येत नव्हतं.

तेवढ्यात पिंपळाच्या पलीकडून श्रीपाद आगाशे येताना दिसला. चालत येत होता, खांद्यावर एक लांब बोजा घेऊन. बोजा निळ्या साडीत गुंडाळलेला होता आणि दोन्ही टोकांना बांधलेला होता. ओझ्यानं तो एका अंगाला कलला होता. साहेब आले म्हणून खाली बसलेली माणसं उभी राहिली. जुनी सवय. दोघं जण ओझं घ्यायला पुढं गेले, तर त्यानं मानेनं नको म्हटलं.

पाटापाशी येऊन त्यानं बोजा खाली ठेवला. चपला काढल्या. घामानं चष्मा खाली घसरला होता, तो त्यानं वर केला नाही.

"आत काही नाही," तो म्हणाला. "एकही मशीन नाही. उन्हाळ्यात गेली. मी सोडवून दिली."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याच्या बॉनेटला मोठा हार बांधलेला होता. मग मागून नाथा शेलार, जो पूर्वी पॅकिंगला होता, त्यानं विचारलं, कधी? आम्ही तर इथंच होतो.

"शुक्रवारी."

ते ऐकल्यावर नाथा हसला की काय असं वाटलं, पण तो हसला नव्हता. त्याच्या तोंडून नुसती हवा बाहेर आली होती. एकेक जण खाली बसायला लागला. कुणी शेजाऱ्याचा खांदा धरून, कुणी तसाच. एक जण उभा राहिला होता, त्याची मूठ वळलेली होती, आणि श्रीपाद त्याच्यासमोर हात खाली सोडून उभा होता, मारलं तर मारू दे अशा बेतानं. मूठ बराच वेळ तशीच होती. मग त्या माणसानं ती उघडून पाहिली, जणू आत काही होतं, आणि तोही बसला.

कोंडाजी मात्र कुणाकडंच पाहत नव्हता. त्यानं साडीची गाठ सोडली. आत दोन पट्ट्या होत्या, माणसाएवढ्या लांब, तेल लावून ठेवलेल्या. त्यानं जयदेवला हाक मारली.

जयदेवनं दोघांना पट्टीची टोकं धरायला लावली. सुतळी सोडली, दट्ट्याचं डोकं पट्टीच्या टोकाला भिडवलं, आणि ठोकळा पुढं ढकलला. ठोकळा लाकडावरून पोलादावर गेला. दट्ट्या मागं जयदेवच्या हातात राहिला. एक गोळी सांडली नाही.

कोंडाजीनं ठोकळ्याला एक बोट लावलं. ठोकळा निघाला आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. आवाज आला नाही. नवरीचा कधीच येत नसे. चाळीस माणसं पुढं वाकून तो न येणारा आवाज ऐकत राहिली.

पूजा झाली. हळदकुंकू पट्टीला लागलं, तेलावर ते पसरलं. हार घेऊन कोंडाजी सवयीनं गेटकडं गेला, कुलपापाशी थांबला आणि परत आला. हार त्यानं पाटावरच ठेवला. नारळ फुटला तेव्हा त्यानं त्यातला तुकडा श्रीपादच्याही हातावर ठेवला. श्रीपाद तो तुकडा मुठीत धरून स्टेशनकडं गेला. पट्ट्या आणि ठोकळे जयदेवनं न्यावेत, असं सगळ्यांनी मिळून सांगितलं. तो नको म्हणत होता, तेव्हा नाथा म्हणाला, तिचं काही तरी चालू राहू दे.

मांडव त्याच दिवशी सोडला. ताडपत्री घडी करून कुणी तरी घरी नेली.

दोन दिवसांनी जयदेव अंबरनाथला मोटारीच्या तारा घ्यायला आला होता. परतताना त्याचे पाय आपोआप त्या रस्त्याला वळले. वसाहत शांत होती, गेटं बंद होती, भोंगे नव्हते. मांडवाच्या जागी चार खड्डे होते. कोंडाजी तिथं एका उलट्या डब्यावर बसला होता. खाकी गणवेश, डोक्यावर टोपी, शेजारी फडक्यात बांधलेला डबा. तोंड गेटकडं.

जयदेव जवळ जाऊन उभा राहिला. म्हणाला, काका, आज शुक्रवार.

"म्हनून तर आलो," कोंडाजी म्हणाला.

जयदेवनं तारांचं भेंडोळं खाली ठेवलं आणि तो त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. पाच वाजेपर्यंत दोघं बसले होते.